बिनसाखळीचा फाळका

कल्याण कडलग अकरा वर्षं विमानाची दारं बनवत होता. माणसं ये-जा करतात ती नव्हेत, विमानाच्या पोटाशी असतात ती, मालाची. पाहुण्यारावळ्यांत हे सांगताना त्याची छाती जरा पुढं यायची. खरं बघायला गेलं तर अकरा वर्षांत त्यानं अख्खं दार एकदाही बनवलं नव्हतं. पुण्यातल्या त्याच्या कंपनीत एका दारामागं चाळीस माणसं राबत, आणि त्या चाळिसांत कल्याणच्या वाट्याला आला होता एक आकडा. दार मिटलं की चौकटीतल्या दांडीला घट्ट धरून बसणारा, वीतभर लांबीचा पोलादी आकडा. त्या आकड्याचं वजन कल्याणनं दोनशे बारा ग्रॅमनी कमी केलं, म्हणून कंपनीनं त्याला काचेचं बक्षीस दिलं होतं.

ते बक्षीस त्यानं गावी आणलं तेव्हा त्याच्या वडिलांनी, बिभीषण मिस्त्रींनी, ते हातात घेऊन खालून-वरून बघितलं.

"कशाचं म्हनला हे?"

"वजन कमी केल्याचं, अण्णा. दोनशे बारा ग्रॅम."

"एवढं तर भाजीवाली बी वरचं सोडती," अण्णा म्हणाले आणि बक्षीस टीव्हीवर ठेवून दिलं. नंतर आईनं, झुंबरबाईनं, त्याला रबर-पिना अडकवायला सुरुवात केली.

गावात तर याहून आनंद होता. शिर्डीला विमानतळ झाल्यापासून लोकांची अशी पक्की समजूत होती की विमान सुटायच्या वेळी कुणीतरी बाहेरून दार लावून घेतो, तो हाच. "काय कल्याणराव, आज सुट्टी? मंग दारं कोन लावतंय?" असं पारावर विचारलं जायचं. पहिली दोन वर्षं कल्याणनं समजावून सांगितलं. मग तो "हाय एक पोरगा बदलीला" म्हणायला लागला.

याउलट अण्णांचं. संगमनेरपासून वीस किलोमीटरवर रस्त्याला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, चाळीस वर्षांचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअपचे हौदे, गव्हाणी, फाटकं. ट्रॉलीच्या मागचं खाली पडणारं दार, ज्याला सगळे फाळका म्हणतात, ते अण्णांच्या हातचं असेल तर दुरून ओळखू यायचं. त्यावर वेल्डिंगच्या थेंबांनी उठवलेलं नाव असायचं, 'बिभीषण कडलग', आणि खाली मोबाईल नंबर. रंग उडाला तरी नाव जात नसे. एकदा अकोल्याच्या घाटात पुढच्या ट्रॉलीवर बापाचं नाव वाचत वाचत कल्याण अर्धा तास गाडी चालवत होता. विमानाच्या ज्या दारांसाठी त्यानं डोळे फोडले, त्यांतल्या एकावरही त्याचं नाव नव्हतं. आकड्यावर नऊ अंकी क्रमांक होता, तोही आतल्या बाजूला.

एवढ्या कामाच्या माणसाला मुलाच्या कामातलं काहीतरी आवडावं, त्यानं एकदा तरी मान हलवावी, ही कल्याणची जुनी भूक होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी असली भूक सांगायला लाज वाटते, म्हणून त्यानं ती कधी कुणाला सांगितली नव्हती. बायकोला माहीत होती, पण तिनंही न सांगताच ओळखलेली.

संधी आली ती आईच्या गाईमुळं. आईच्या चार गाईंत रंगी सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात भित्री. तिला कुठं न्यायचं म्हटलं की शेजारच्या नबीलाल चाचांचा पिकअप उकिरड्याच्या उंचवट्याला मागून टेकवायचा, दोघांनी पुढून ओढायचं, दोघांनी मागून रेटायचं. मागच्या खेपेला रंगी घसरली आणि आईच्या पायावर पडली. आई तेव्हापासून लंगडत होती. आता रंगी गाभण होती, दिवस भरत आले होते.

"चाचांच्या पिकअपला मी फाळका करून देतो," कल्याण दिवाळीच्या सुट्टीत म्हणाला. "बटण दाबलं की आपोआप खाली येणार, जमिनीला टेकणार, उतार तयार. रंगी चालत चढेल, चालत उतरेल."

अण्णांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "कर," ते म्हणाले. "पत्रा कोपऱ्यात हाय."

"झाल्यावर तुमचं नाव टाकाल त्यावर?"

"आधी चालू दे. मंग नाव."

कल्याणला एवढं पुरलं. पुढचे आठ दिवस तो दुकानात असा राबला की कंपनीतल्या साहेबानं बघितलं असतं तर त्याला चक्कर आली असती. त्यानं दवाखान्यातल्या खाटेला असते तसली, दांडी पुढंमागं सरकवणारी मोटार मागवली. फाळका धरून ठेवायला दोन आकडे केले, अगदी विमानातल्यासारखे. आणि मग तो मूळ मुद्द्यावर आला.

"दार उघडणं ही काही मोठी गोष्ट नाही, अण्णा," तो म्हणाला. "नको त्या वेळी न उघडणं, ही खरी विद्या. विमान वर असताना आतली हवा दाराला बाहेर रेटत असते. म्हणून आम्ही दारालाच शहाणं करतो. विमान जमिनीवर उभं आहे अशी खात्री पटल्याशिवाय ते उघडतच नाही. कुणी कितीही बटण दाबो."

त्यानं पिकअपच्या फाळक्यालाही तसंच शहाणं केलं. हादरे ओळखणारा एक सेन्सर बसवला. गाडी हलत असेल तर फाळका हट्टानं बंद राहणार. चालत्या गाडीतून गाय रस्त्यावर पडायला नको. आणि मोटार बंद पडलीच, तर बाहेरून हातानं फिरवायची सोय: एका दांड्याच्या टोकाला हँडल लावायचं आणि फिरवत बसायचं. एकशे चाळीस फेरे. हेही विमानात असतंच.

अण्णांनी हे हँडल हातभर साखळीनं फाळक्याला वेल्ड करून टाकलं. त्यांच्या प्रत्येक ट्रॉलीत फाळका अडकवायची खिट्टी अशीच साखळीला असायची. खिट्टी बसवायची राहिली की साखळी लोंबायची, वाजायची, आणि पाच मैलांवरच्या माणसालाही कळायचं की ड्रायव्हर झोपलाय.

कल्याणनं ती साखळी काट्यावर टाकली नाही, पण अंदाजानं उचलून बघितली. साडेसहाशे ग्रॅम. त्याला झोप येईना. दोनशे बारा ग्रॅमसाठी काचेचं बक्षीस मिळवलेल्या माणसाच्या फाळक्याला साडेसहाशे ग्रॅमची निव्वळ लोंबती साखळी! शिवाय ती वाजायची. दुसऱ्या दिवशी अण्णा बाजाराला गेल्यावर त्यानं ती कापून काढली आणि हँडलसाठी फाळक्याच्या कडेला एक देखणा स्प्रिंगचा चाप बसवला. ज्या पिकअपमध्ये साडेचारशे किलोची गाय चढणार होती, त्याचं वजन त्यानं साडेसहाशे ग्रॅमनी वाचवलं.

अण्णांनी संध्याकाळी येऊन चाप बघितला. "साखळी?"

"गरज नाही, अण्णा. चाप घट्ट आहे."

कापलेली साखळी अण्णांनी उचलून खिळ्याला अडकवली.

मग कल्याणनं चाचण्या घेतल्या. एकतीस वेळा फाळका उघडला, एकतीस वेळा मिटला. प्रत्येक वेळ लॅपटॉपवर नोंदवली. चाचण्या नीट व्हाव्यात म्हणून दुकानाच्या चार्जरला बॅटरी जोडून ठेवली होती आणि मध्ये मध्ये प्रश्न नकोत म्हणून नबीलाल चाचांना सांगितलं होतं, "चाचा, तुम्ही दोन दिवस आराम करा. गाडी माझ्याकडं." चाचा आराम करायला गेले. त्यानं बापाला विचारलं, आईला विचारलं, इंटरनेटला विचारलं. तो पिकअप बावीस वर्षं चालवणाऱ्या माणसाला मात्र काही विचारायचं त्याला सुचलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंगीला कळा सुरू झाल्या. दोन तास झाले तरी वासराचे पाय तेवढे दिसत होते, पुढं काही सरकेना. संगमनेरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर धनश्री फोनवर म्हणाल्या, "वासरू मोठं असेल. ऑपरेशन लागलं तर तिथं जमणार नाही. लगेच इकडं आणा."

नबीलाल चाचांनी पिकअप आणला आणि नेहमीसारखा उतारावर उभा करून इंजिन बंद केलं. कल्याणनं बटण दाबलं. फाळका संथपणे, जराही न थरथरता खाली आला आणि मातीला टेकला. रंगी थांबली, तिनं वास घेतला, आणि चालत वर गेली. कुणी ओढलं नाही, कुणी रेटलं नाही. आईनं गाईच्या पाठीवर हात ठेवून मुलाकडं असं बघितलं की कल्याण उगाच बटण पुसायला लागला. फाळका परत मिटला. आणि अण्णांनी खिशातून खडू काढला. नाव कुठं बसवायचं त्याची एक आडवी रेघ त्यांनी फाळक्यावर ओढली. मग आईला घेऊन गाडीत बसले.

ती रेघ बघून कल्याणची छाती जी फुगली ती संगमनेरपर्यंत फुगलेलीच होती.

दवाखान्याच्या आवारात दिवाळी असूनही वीस-पंचवीस शेतकरी आपापली जनावरं घेऊन उभे होते. अर्धी तरी अण्णांची गिऱ्हाइकं. "मिस्त्री आले, मिस्त्री आले," म्हणत त्यांनी वाट करून दिली. कल्याण उतरला, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. फाळक्याच्या आतून एक बारीक, नम्र टिकटिक आली. ती कल्याणनंच घातली होती. तिचा अर्थ होता: गाडी चालू आहे, दार उघडता येणार नाही.

गाडी तर उभी होती. पण इंजिन धडधडत होतं, आणि बावीस वर्षांच्या त्या इंजिनाबरोबर अख्खा हौदा थरथरत होता. सेन्सरच्या मते रंगी अजून प्रवासात होती.

"चाचा, इंजिन बंद करा!"

नबीलाल चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बंद? अरं, बंद केल्यावर चालू कशी व्हनार? सेल्फ कवाच गेलाय तिचा. म्हनून तर मी उताराला लावतो. इथं उतार कुठाय?"

"कधीपासून गेलाय?"

"तीन वर्सं झाली. तू इचारलंच न्हाईस."

"आपण धक्का मारू नंतर. आधी बंद करा."

चाचांनी 'तुझी मर्जी' असा चेहरा करून चावी फिरवली. आवारात शांतता झाली. कल्याणनं बटण दाबलं. या वेळी टिकटिकही आली नाही. मोटारीनं एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. दुकानातला चार्जर दुकानात राहिला होता, आणि चाचांची म्हातारी, चार्ज न धरणारी बॅटरी एकदा फाळका उघडण्यात आणि एकदा मिटण्यात संपून गेली होती. इंजिन चालू ठेवावं तर दार म्हणणार गाडी पळतेय, बंद ठेवावं तर दारात जीव नाही. अकरा वर्षं विमानाच्या दारात घालवलेल्या माणसानं एक असं दार बनवलं होतं, जे कोणत्याच परिस्थितीत उघडत नव्हतं.

आत रंगी हंबरली. तो आवाज चांगला नव्हता.

"हँडल घे," अण्णा म्हणाले.

कल्याण चापाकडं वळला. चाप जागेवर होता, देखणा, चकचकीत. हँडल नव्हतं. वीस किलोमीटरच्या रस्त्यात, बहुतेक त्या फरशी पुलाच्या आधीच्या खड्ड्यात, ते कुठंतरी उडालं होतं. कल्याणनं अण्णांकडं बघायचं टाळलं. त्याला फक्त दुकानातली खिळ्याला अडकवलेली साखळी डोळ्यापुढं दिसत होती.

"काय झालं मिस्त्री? उघडंना व्हय?" माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं, लाथ घाला. कुणी म्हणालं, ग्राइंडरनं कापा. "आत गाय हाय, ठिनगी उडंल," अण्णा म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर धनश्री बाहेर आल्या. तिशीच्या आतल्या, कोपरापर्यंत हातमोजे घातलेल्या. त्यांनी एकदा फाळक्याकडं बघितलं, एकदा कल्याणच्या तोंडाकडं बघितलं, आणि कुणाला काही न विचारता चाकावर पाय देऊन हौद्याच्या कठड्यावरून सरळ आत उडी मारली. त्यांच्यामागं झुंबरबाईही लुगड्याचा काचा मारून चढल्या. लंगड्या पायानं.

"दोरी द्या!" आतून आवाज आला. "आणि गरम पाणी."

बाहेर अण्णा समोरच्या मोटारपंपाच्या दुकानातून पाईपपाना घेऊन आले. कल्याणनं दांड्याचं टोक इंची मापाचं ठेवलं होतं, कारण विमानात सगळं इंचात असतं, आणि त्यामुळं आवारातल्या पंचवीस माणसांच्या गाड्यांतला एकही पाना त्याला बसत नव्हता. पाईपपान्यानं मात्र ते टोक धरलं. अण्णांनी पाना कल्याणच्या हातात दिला.

"किती फेरं?"

"एकशे चाळीस."

"फिरव."

कल्याण फिरवायला लागला. पाना दर फेऱ्याला काढून पुन्हा लावावा लागत होता. वीस फेऱ्यांत हाताला फोड आला, पन्नासात तो फुटला. चाचा आणि अण्णा मोठ्यानं फेरे मोजत होते, आणि थोड्या वेळानं सगळं आवारच मोजायला लागलं. कल्याण मनात एकच गोष्ट म्हणत होता, वासरू जगू दे, मग मला काय वाटेल ते म्हणा. शंभरावर असताना आतून आईचा हुंदका आला आणि त्याचे हात थांबले.

"काय झालं?"

"कालवड!" डॉक्टर आतून ओरडल्या. "जिवंत आहे. ऑपरेशन नाही लागलं. तुमचं दार कुठवर आलंय?"

आवारात हशा पिकला. कल्याणनं उरलेले चाळीस फेरे डोळे पुसत मारले, म्हणजे घाम पुसत, असं त्याला वाटत होतं. फाळका खाली आला. ज्या हौद्याचं वजन त्यानं साडेसहाशे ग्रॅमनी वाचवलं होतं, त्यात आता तीस किलोची एक ओली कालवड जास्त होती, आणि रंगी तिला चाटत होती.

गर्दीत मुरलीधर नावाचा एक शेतकरी होता. त्यानं अण्णांकडं नवी ट्रॉली सांगितलेली होती. तो फाळक्यापाशी वाकला, खडूची रेघ बघितली, इकडंतिकडं नाव शोधलं.

"मिस्त्री, ह्यो फाळका कुनाचा? नाव न्हाई दिसत."

कंपनीच्या मीटिंगमध्ये चूक कबूल करायला त्याला चार छान इंग्रजी वाक्यं पाठ होती. इथं तो नुसता हातातला पाना पुसत राहिला.

"माझा हाय," अण्णा म्हणाले. "माझ्याच दुकानातला."

"तुमचा?" मुरलीधर बघतच राहिला. "चाळीस वर्सांत तुमचं असलं काम न्हाई बघितलं. मिस्त्री, माझ्या ट्रॉलीला साधी खिट्टीच लावा बरं का."

"साधीच लावतो," अण्णा म्हणाले.

"माझा आहे तो!" कल्याण एकदम ओरडला. "मी केलाय. साखळीपण मीच कापली. अण्णांचा काही संबंध नाही."

मुरलीधरनं त्याच्याकडं दया आल्यासारखं बघितलं. "तुमी कशाला वडलांचं अंगावर घेता, कल्याणराव? तुमचं काम येगळं. तुमी इमानाची दारं लावता."

पिकअपला धक्का मारायला सगळे पंचवीसजण आले. परतीच्या वाटेवर चाचा तेवढे शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण दुकानात गेला तेव्हा सेन्सर बाहेर काढून ठेवलेला होता, नवी बॅटरी बसवलेली होती, आणि अण्णा साखळी वेल्ड करत होते. साखळीच्या टोकाला नवं हँडल होतं. दांड्याचं टोकही त्यांनी घासून मिलिमीटरचं केलं होतं. नबीलाल चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते.

कल्याण समोर उभा राहिला. "काल तुम्ही असं का सांगितलंत, अण्णा? सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. चाळीस वर्षांचं नाव तुमचं."

अण्णांनी तोंडावरची काच वर केली. "मंग काय सांगायचं हुतं?"

"माझं म्हणून सांगायचं. नाव चांगल्या कामावर टाकायचं असतं ना?"

"तुला कुनी सांगितलं?" अण्णांना खरंच नवल वाटलं. "चांगलं काम चालत राहतं, त्याला नाव कशाला लागतंय? बिघडल्यावर कुनाकडं यायचं, हे कळावं म्हनून नाव टाकत्यात. म्हनून तर खाली नंबर असतो."

अकरा वर्षं तो आकड्यावरच्या नऊ अंकी क्रमांकावर रुसून होता. उद्या तो आकडा अडकला तर कुणी त्याला फोन करणार नव्हतं. याचं त्याला आजवर मनातून बरं वाटत आलं होतं, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं, आणि त्याचे कान तापले.

अण्णांनी वेल्डिंगचा होल्डर त्याच्यापुढं धरला. कालची खडूची रेघ फाळक्यावर तशीच होती.

"टाक."

"तुमचं?"

"माझं कशाला? फाळका कुनी केला? तुझं टाक. आन खाली नंबर."

कल्याणनं काच तोंडावर घेतली. फोड आलेल्या हातात होल्डर नीट धरता येत नव्हता. नाव जमलं. नंबरही जमत आला, पण शेवटचा आठ पार कलंडला, दारू प्यायल्यासारखा. त्यानं काच वर केली. अण्णा जवळ येऊन बघत होते.

"आठ वाकडा झाला," कल्याण म्हणाला. "घासून परत काढू?"

अण्णांनी चाचांकडं बघितलं. नबीलाल चाचांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा लावला, फाळक्यावरचा एकेक आकडा बोटानं वाचत मोबाईलवर दाबला आणि फोन कानाला लावला.

कल्याणच्या खिशात फोन वाजला.

"लागतोय," चाचा म्हणाले.

"मंग राहू दे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली.